शिंपले चिकटवण्याआधी एवढं वाचा

लातूरच्या आमच्या दुकानातून शिंपले, कवड्या, छोटे शंख नेणाऱ्या सगळ्यांसाठी हे माहितीपत्रक.

आरशाची चौकट, कुंडी, पेनचा डबा, दाराचं तोरण, कशावरही शिंपले शोभतात. पण काम टिकतं ते धुण्यावर आणि गोंदावर.

धुणं
समुद्रातल्या शिंपल्यांच्या खाचांत मीठ आणि वाळू बसलेली असते. मीठ राहिलं तर पुढे पांढरी भुकटी दिसू लागते आणि गोंदही नीट धरत नाही. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, पाणी दोन-तीनदा बदला, मग भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा. शेवटचं पाणी शक्यतो फिल्टरचं घ्या, कारण बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात.

हे डाग काढायला नळाला लावतो तसं लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड मात्र कृपया लावू नका. नळावरचा थर आणि शिंपला, दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. जे थर खातं ते शिंपलाही खातं: बुडबुडे येतात, चकाकी जाते आणि ती परत येत नाही. ब्लीच आणि ॲसिड तर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

शंख तोंड खाली करून सावलीत वाळवा. आत ओल राहते, ती लवकर कळत नाही.

गोंद
लाकूड, पुठ्ठा, कापड यांना पांढरा फेविकॉल उत्तम. रात्रभर हलवू नका. काच, स्टील आणि चकचकीत मातीच्या भांड्यांना दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद लावा. आधी जागा पॉलिश पेपरने थोडी खरबरीत करा. ग्लू गनचं काम पटकन होतं, पण उन्हाळ्यात पारा 40 च्या वर गेला की पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हाच्या खिडकीत तो गोंद मऊ पडतो आणि जड शंख खाली घसरतात. ग्लू गन हलक्या शिंपल्यांपुरतीच ठेवा.

चिकटवण्याआधी सगळी मांडणी कागदावर करून पाहा. मोठे आधी, मग फटीत बारीक. तोरणासाठी पाठ कापलेल्या कवड्या मागा, दोरा सहज ओवता येतो. घरातली तुळजाभवानीची कवड्यांची माळ मात्र सजावटीसाठी उसवू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

शिंपल्याला भोक पाडताना तो ओला ठेवा, तोंडाला मास्क बांधा. ती धूळ छातीला वाईट.

नॉटिलससारख्या काही शंखांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते आम्ही विकत नाही, मागवूनही देत नाही. सहलीत कोणी विकायला आणले तर घेऊ नका. गोदावरीकाठी मुलांना सापडलेले रिकामे शिंपले जरूर वापरा. ते पातळ असतात, कडा आधी घासून घ्या.

कोणत्या वस्तूला कोणता गोंद, हे ठरत नसेल तर वस्तूच दुकानात घेऊन या. एक शिंपला समोर चिकटवून दाखवू.