पार्श्वभूमी : १९३९ ते १९४६, खेळलेले पण न मोजलेले सामने

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कुठल्याही इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलपटूची आकडेवारी उघडली की १९३९ नंतरचा पुढचा लीग सामना थेट १९४६ मधला दिसतो. मधली सात वर्षं तो खेळलाच नाही, असा समज होतो. पुष्कळांच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे.

पहिल्या महायुद्धात वेगळं घडलं होतं. लढाई सुरू होऊनही १९१४-१५ चा हंगाम पुरा खेळवला गेला. सैन्यात जायचं सोडून धट्टीकट्टी मुलं चेंडूमागे धावताहेत, अशी टीका त्यावरून झाली आणि मग १९१९ पर्यंत लीग बंद राहिली. १९३९ मध्ये निर्णय लगेच झाला. हंगाम २६ ऑगस्टला सुरू झाला होता. २ सप्टेंबरच्या शनिवारी सामने झाले, रविवारी युद्ध जाहीर झालं आणि बहुतेक संघांचे तीन-तीन सामने झालेले असताना लीग थांबली. ब्लॅकपूल तिन्ही सामने जिंकून पहिल्या स्थानावर होता.

खेळाडूंचे करार स्थगित झाले, म्हणजे पगार बंद. नोंदणी मात्र क्लबकडेच राहिली. आठवड्याला कमाल ८ पौंड मिळवणारा माणूस एका दिवसात बेकार झाला, पण दुसऱ्या क्लबात जायला मोकळा झाला नाही. पुढे लीगऐवजी युद्धकाळापुरते विभागीय सामने सुरू झाले तेव्हा सामन्यामागे ३० शिलिंग ठरले, म्हणजे दीड पौंड. आपल्या लष्करी छावणीजवळच्या क्लबाकडून ‘पाहुणा’ म्हणून खेळायची मुभा होती. त्यामुळे तिसऱ्या श्रेणीतल्या ऑल्डरशॉटला, केवळ तिथे लष्कराचं मोठं ठाणं असल्यामुळे, इंग्लंडच्या संघातले तीन हाफबॅक (मधल्या फळीतले खेळाडू) एका रांगेत मिळाले. उलट १९४० च्या नाताळात ब्रायटनचे जेमतेम पाच खेळाडू नॉरिचला पोचले. उरलेल्या जागा नॉरिचची राखीव पोरं आणि प्रेक्षकांतले सैनिक घेऊन भरल्या आणि ब्रायटन १८-० ने हरला. त्याच दिवशी एव्हर्टनचा सेंटर फॉरवर्ड (आघाडीचा मधला खेळाडू) सकाळी आपल्या क्लबाकडून आणि दुपारी ट्रॅनमियरकडून खेळला.

असे सामने अधिकृत आकड्यांत कसे धरायचे, हा प्रश्न तेव्हाही खरा होता. पाहुण्यांनी भरलेल्या संघांचे गोल नेहमीच्या लीगच्या गोलांशेजारी मांडता येत नाहीत, हे मान्य. पण निर्णय तेवढ्यावर थांबला नाही. युद्धाआधी पूर्ण ताकदीच्या संघांनी, नेहमीच्या नियमांनी खेळलेले १९३९ चे ते तीन सामनेही रद्द धरले गेले. १९४६ ला लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा १९३९ चंच वेळापत्रक वापरलं गेलं, जणू ते सामने झालेच नव्हते. ज्याच्या वाट्याला लीगचे तेवढेच सामने आले, त्याचं नाव नोंदवहीतून गेलं.

याला सुसंगत तत्त्व होतं म्हणावं, तर तेही सापडत नाही. एप्रिल १९१५ मध्ये मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांच्यातला सामना खेळाडूंनी संगनमताने ठरवून खेळला. ते सिद्ध झालं, खेळाडूंवर बंदी आली आणि २-० हा निकाल मात्र आजही कायम आहे. १९४५-४६ मध्ये एफए चषकाची, म्हणजे क्लबांची बाद पद्धतीची, स्पर्धा अधिकृत धरली गेली, त्याच हंगामातली लीग नाही. लबाडीचा सामना मोजायचा आणि प्रामाणिक तीन सामने खोडायचे, याचं समर्थन मला करता येत नाही.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत हे जास्त बोचतं. एव्हर्टनचा तो सेंटर फॉरवर्ड १९३८-३९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लीगमध्ये ३४ गोल करून विजेतेपदाचा मानकरी ठरला होता. इंग्लंडकडून त्याचे २३ सामने आणि २२ गोल अधिकृत आहेत. युद्धकाळातले आणखी २३ सामने आणि २४ गोल हिशेबात नाहीत. स्टोकहून ब्लॅकपूलला गेलेल्या सुप्रसिद्ध विंगरचे (कडेने खेळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूचे) ५४ सामने मोजतात, २९ सोडून देतात. प्रेस्टनच्या विंगरने एकोणिसाव्या वर्षी, १९४१ मध्ये, लंडनच्या वेम्बली मैदानावर युद्धकाळातल्या चषकाचा अंतिम सामना खेळला, मग रणगाडा दलातून इजिप्त आणि इटली पाहिली. लीगमधलं त्याचं पदार्पण म्हणून तारीख लागते ती ३१ ऑगस्ट १९४६, वय २४. हे तिघे निदान परत आले आणि पुढे खूप खेळले. बोल्टनच्या कर्णधाराने एप्रिल १९३९ मध्ये मैदानावरून प्रेक्षकांना सैन्यात येण्याचं आवाहन केलं आणि सहकाऱ्यांसह तोफखान्यात दाखल झाला. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीत तो मारला गेला. इंग्लंडकडून तो खेळला होता, पण युद्धकाळात. त्याच्या नावावर एकही अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना नाही.

कराराचा प्रश्न युक्रेनमधल्या युद्धामुळे पुन्हा समोर आला. मार्च २०२२ मध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने तिथल्या परदेशी खेळाडूंना करार स्थगित ठेवून दुसरीकडे खेळायची परवानगी दिली आणि पुढे ती वाढवली. १९३९ मध्ये करार थांबवायचा अधिकार वरच्यांकडे होता, या वेळी तो खेळाडूच्या हाती आला. डोनेट्स्कचा मोठा क्लब हस्तांतराचं उत्पन्न बुडालं म्हणून क्रीडा लवादाकडे गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये हरला. युक्रेनी खेळाडूंना मात्र ही सवलत नव्हती. ते ऑगस्ट २०२२ मध्ये प्रेक्षकांविना सुरू झालेल्या लीगमध्ये उतरले. ल्विवमधला एक सामना हवाई हल्ल्याच्या भोंग्यांमुळे पुन्हापुन्हा थांबून साडेचार तासांच्या आसपास चालला. तो अधिकृत आकडेवारीत आहे.