पार्श्वभूमी : हँडीकॅम, घरच्या कॅसेटी आणि बंद ठेवलेलं डीव्ही-इन

मिनीडीव्हीच्या, म्हणजे छोट्या डिजिटल व्हिडिओ टेपच्या, कॅसेटी कपाटात आहेत, कॅमेराही आहे, पण त्यातलं काही बघता येत नाही, ही तक्रार मुंबईत आता नेमाने ऐकू येते. बारसं, मुंज, शाळेचं गॅदरिंग, माथेरानची सहल, सगळं टेपवर. त्याच घरात एखादी व्हीसीडी सापडते. ती लागते, पण चित्र इतकं धुरकट की मुलं विचारतात, तेव्हाचे कॅमेरे असेच होते का? तर नव्हते. कॅमेरा चांगला होता आणि कॅसेटवर उतरलेलं चित्रही चांगलं होतं. पुढे ते कुठे बिघडलं हे समजायला १९९५ ते २००७ एवढा काळ पुरेसा आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १९८३ मध्ये बाजारात आलेला पहिला घरगुती कॅमकॉर्डर चित्रण करायचा, पण केलेलं दाखवू शकत नसे. १९८५ पासून आठ मिलिमीटरच्या छोट्या कॅसेटी आल्या, १९८९ मध्ये त्यांचीच सुधारलेली हाय-८ आली. आपल्याकडे तेव्हा असा कॅमेरा म्हणजे आखातातून सुट्टीवर येणाऱ्या मामाची वस्तू. लग्नात खांद्यावर व्हीएचएस घेतलेला शूटिंगवाला आणि त्याच्यामागे हॅलोजन धरलेला पोरगा, यावरच बहुतेकांची व्हिडिओची हौस भागत होती.

१९९५ मध्ये डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओ, आलं आणि पायाच बदलला. पाव इंच रुंदीच्या टेपवर चित्र आकड्यांच्या रूपात उतरू लागलं: पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ बिंदू आणि सेकंदाला २५ मेगाबिट. खरी कमाल मात्र कॅमेऱ्याच्या कडेला रबरी झाकणाखाली लपलेल्या चार पिनांच्या छोट्या सॉकेटात होती. फायरवायरची, म्हणजे व्हिडिओ झपाट्याने वाहून नेणारी, केबल लावली की टेपवरचं चित्र जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरायचं. व्हीएचएसवरून व्हीएचएसवर कॉपी केली की रंग वाहायचे. इथे दहावी कॉपीही पहिलीसारखीच. १९९९ मध्ये डिजिटल-८ आलं. त्यात जुन्याच हाय-८ कॅसेटी चालायच्या, फक्त नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर साठच मिनिटं मावायची. ज्यांच्याकडे आधीच्या कॅसेटींचा साठा होता त्यांनी डिजिटल-८ घेतलं, बाकीचे मिनीडीव्हीकडे गेले.

मुंबईत हा माल दोन वाटांनी येत होता. एक सहार विमानतळावरून, नातेवाइकांच्या बॅगेतून. दुसरी हिरा पन्ना, मनीष मार्केट आणि फोर्टात बोरा बाजारातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांतून. बिल मागितलं तर भाव वेगळा, न मागितलं तर वेगळा. अमेरिकेहून आलेला कॅमेरा एनटीएससी, म्हणजे तिथल्या टीव्ही पद्धतीचा, असायचा आणि आपला टीव्ही पाल. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं रंगीत दिसायचं आणि टीव्हीला जोडलं की जुन्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं व्हायचं किंवा वरखाली गडगडायचं. दुबई-सिंगापूरहून आलेल्या पाल कॅमेऱ्यात ही भानगड नसायची. १ एप्रिल २००१ ला ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले. त्यानंतर वॉरंटीचा, बिलाचा कॅमेरा घेणं हळूहळू रुळलं, तरी ग्रे मार्केटचा, म्हणजे अधिकृत वाट टाळून आलेल्या मालाचा, भाव विचारून आल्याशिवाय अधिकृत दुकानात पाऊल ठेवणारा मुंबईकर विरळा.

आता मुख्य भानगडीकडे येऊ. फायरवायरच्या त्या सॉकेटाशेजारी काही कॅमेऱ्यांवर ‘डीव्ही इन/आउट’ छापलेलं असायचं, तर काहींवर नुसतं ‘डीव्ही आउट’. सॉकेट तेच, केबल तीच, बहुतेक वेळा आतलं सर्किटही तेच. पण ‘आउट’वाल्या कॅमेऱ्यातून चित्र फक्त बाहेर जायचं, परत आत घेता येत नसे. म्हणजे कॉम्प्युटरवर कापून-जोडून तयार केलेली फिल्म पुन्हा टेपवर उतरवायची सोय नाही. दुकानदाराला विचारलं तर उत्तर ठरलेलं: “साहेब, ते प्रोफेशनल लोकांसाठी असतं, तुम्हाला काय करायचंय?”

त्या फीचरचा आणि प्रोफेशनल लोकांचा काही संबंध नव्हता. संबंध होता युरोपातल्या जकातीशी. तिथल्या शुल्कपत्रकात कॅमकॉर्डरचे दोन वर्ग होते. ८५२५ ४० ९१ या वर्गात फक्त स्वतःच्या भिंगातून दिसलेलं आणि स्वतःच्या माइकवर ऐकलेलंच टिपणारा कॅमेरा बसायचा. त्याला ४.९ टक्के शुल्क. बाहेरून आलेलं चित्रही जो रेकॉर्ड करू शकतो, तो ८५२५ ४० ९९ मध्ये, म्हणजे जवळपास व्हिडिओ रेकॉर्डरच्या पंगतीत. त्याला १४ टक्के. जपानी कंपन्यांनी सरळ हिशेब केला: युरोपात जाणाऱ्या स्वस्त मॉडेलांत आत यायची वाट सॉफ्टवेअरने बंद करायची, महागड्या मॉडेलांत उघडी ठेवायची. काहींनी एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्या काढल्या आणि उघड्या आवृत्तीच्या नावापुढे एक इंग्रजी ‘आय’ जोडला. त्या एका अक्षराचे पैसे वेगळे.

आपल्याकडच्या कस्टमलाही हेच कोडं पडलेलं दिसतं. १९९८ च्या बॅगेज नियमांच्या परिशिष्टात फ्रीज, एसी, मायक्रोवेव्ह यांच्या रांगेत व्हिडिओ कॅमेराही होता. शिवाय टीव्ही, ध्वनिमुद्रण यंत्र किंवा व्हिडिओ दाखवणारं यंत्र यांच्याशी ‘जोड’ झालेला व्हिडिओ कॅमेरा, अशीही तरतूद होती. कॅमेरा हा कॅमेरा की रेकॉर्डर, हे ठरवायला दोन्हीकडचे अधिकारी बसले होते. ज्याला मुलाचा वाढदिवस शूट करायचा होता त्याला या वादात कुणी विचारलं नाही.

युरोपात ग्राहकांनी यावर तोड काढली. कॅमेऱ्याच्या रिमोट-सॉकेटात घालायचा चिमुकला डोंगल आला, कॉम्प्युटरवरून कॅमेऱ्याच्या मेमरीतला एखादा आकडा बदलणारं सॉफ्टवेअर आलं, आणि बंद वाट उघडली. मग जकातवाले जागे झाले. इतक्या सहज उघडत असेल तर त्यावर १४ टक्केच लावू, असं जर्मनीतलं खातं म्हणालं, आणि आयातदार कोर्टात गेले. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. जास्त शुल्काच्या वर्गात कॅमेरा घालायचा तर बाहेरचं रेकॉर्ड करायची सोय जकात नाक्यावरच चालू असायला हवी. किंवा निर्मात्याला ती पुढे आणायची नसली, तरी विशेष कौशल्य नसलेल्या साध्या ग्राहकाला हार्डवेअरला हात न लावता नंतर ती सहज चालू करता यायला हवी. निकाल मुद्देसूद होता, पण उशिरा आला. २००७ मध्ये टेपचा कॅमेरा घ्यायला निघालेलं गिऱ्हाईक आधीच कमी झालं होतं.

मुंबईचा यात काय संबंध? इथल्या बाजारात लंडनचा, दुबईचा, सिंगापूरचा असा तिन्हीकडचा माल एकाच काउंटरवर मांडलेला असायचा. डबा सारखाच, मॉडेल नंबरही बराचसा सारखा, पण एकाचं डीव्ही-इन उघडं तर दुसऱ्याचं बंद. रबरी झाकण उघडून छापील अक्षरं वाचणारा गिऱ्हाईक शंभरात एखादा. बाकीच्यांना हे घरी गेल्यावर कळायचं, आणि काहींना कधीच नाही. एक गोष्ट मात्र ग्रे मार्केटवाल्यांच्या पथ्यावर पडणारी होती. वॉरंटी मुळातच नसल्यामुळे आतला आकडा बदलून बघायला त्यांना कसली भीती नव्हती. बिलवाल्याला ती होती.

ही वाट बंद असण्याचं खरं नुकसान त्या काळचा कॉम्प्युटर आठवला की कळतं. डीव्हीचं एक तासाचं चित्रण म्हणजे साधारण १३ जीबी. २००१-०२ मध्ये घरच्या मशीनला ४० जीबीची हार्ड डिस्क असणं ही चैन होती, म्हणजे तीन कॅसेटी उतरवल्या की जागा संपली. विंडोजच्या फॅट-३२ मांडणीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नसे, म्हणून एकोणीस मिनिटांच्या आसपास कॅप्चर अडकायचं, नेमकं मंगलाष्टकांच्या मध्यावर. डीव्हीडी रायटर परवडत नव्हते. अशा वेळी तयार फिल्म परत टेपवर लिहून हार्ड डिस्क रिकामी करणं हाच एकमेव शहाणा मार्ग होता. तो बंद, म्हणून उरली व्हीसीडी: ३५२ बाय २८८ बिंदू, सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट. बिंदू चौथाईहून कमी आणि माहिती विसाव्या हिश्श्याहूनही कमी. आज घराघरांत सापडणारी धुरकट आवृत्ती ती हीच.

यावर दुसरी बाजूही मांडली जाते. बहुतेकांनी एडिटिंग कधी केलंच नाही, त्यामुळे डीव्ही-इन उघडं असतं तरी फरक पडला नसता, असं कॅमेरे विकणारे म्हणतात. हे अर्धं खरं आहे. पण बंद केलेल्या वाटेत बऱ्याच मॉडेलांत डीव्हीबरोबर एव्ही-इनही होतं, म्हणजे व्हीएचएस प्लेअरची पिवळी-पांढरी-लाल केबल कॅमेऱ्याला लावून जुनं लग्न डिजिटल करायची सोय. ज्या शहरात दोन पावसाळ्यांत व्हीएचएसच्या टेपवर पांढरी बुरशी चढते, तिथे ही सोय एडिटिंग न करणाऱ्यालाही हवीच होती. ४.९ आणि १४ मधल्या फरकासाठी ती गेली.

मालकांच्या गोंधळात यूएसबीने भर घातली. डब्यात यूएसबीची केबल असायची, फायरवायरची बहुधा नसायची. यूएसबीवरून यायचे मेमरी कार्डवरचे फोटो, किंवा वेबकॅमसारखं अडखळतं, पिचकं चित्र. तेव्हाच्या यूएसबीची धाव १२ मेगाबिटांची आणि डीव्हीला हवे २५. “कॅमेरा डिजिटल आहे म्हणे, मग कॉम्प्युटरवर असं का दिसतं?” या प्रश्नाचं उत्तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फायरवायरचं कार्ड आणि सहा पिनांची एका टोकाला चार पिन करणारी केबल मागायला गेल्यावर मिळायचं. काही जण तिथवर पोचलेच नाहीत. त्यांनी कॅसेट कोपऱ्यावरच्या स्टुडिओत दिली, व्हीसीडी करून घेतली, आणि कॅसेट पुन्हा वापरली. मूळ चित्रावर पुढच्या वर्षीचा गणपती चढला. हे सर्रास झालं, आणि ते कुठल्याही जकातीमुळे नव्हे.

हवेचाही वाटा आहे. हॉलच्या एसीतून मे महिन्यात बाहेर आलेला थंड कॅमेरा दमट हवेत आतून घामेजतो आणि ओली टेप फिरत्या ड्रमला चिकटू शकते. म्हणून पाण्याच्या थेंबाची खूण लुकलुकायची आणि कॅमेरा हटून बसायचा: कॅसेट बाहेर देईन, बाकी काही करणार नाही. पुस्तिकेप्रमाणे तासभर थांबायचं. वरात हलायला लागलेली असताना तासभर कोण थांबणार? लोक हेअर ड्रायर फिरवायचे. तसं करू नये. टेप वाचणारे हेड मळले की चित्रात चौकोन किंवा आडवे पट्टे यायचे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या टेपवरचं वंगण एकत्र आलं की हेड लवकर मळतात, अशी समजूत तेव्हा पक्की होती आणि तिच्यावर वादही तितकेच होते. एलपीवर, म्हणजे टेप हळू फिरवून, केलेलं रेकॉर्डिंग दुसऱ्या कॅमेऱ्यात नीट लागेल याची मात्र खात्री नव्हती, यावर दुमत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद बसवायच्या हौसेने पुढे अनेकांना रडवलं.

ऑक्टोबर २००५ मध्ये एका मोठ्या जपानी कंपनीने जाहीर केलं की मागच्या काही वर्षांतल्या कॅमेऱ्यांमधलं सीसीडी, म्हणजे चित्र टिपणारी चिप, उष्ण आणि दमट हवेत निकामी होऊ शकतं. पाठोपाठ तेच सीसीडी वापरणाऱ्या इतर कंपन्यांनीही कबुली दिली. चित्र जांभळं व्हायचं, वेडंवाकडं व्हायचं किंवा सगळं काळं. अशा कॅमेऱ्यात जुनी कॅसेट मात्र व्यवस्थित लागायची, कारण बिघाड टेपच्या बाजूला नव्हताच. हे न कळल्यामुळे कितीतरी कॅमेरे ‘गेला’ म्हणून भंगारात निघाले. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. कुर्ला, कालिन्यातल्या तळमजल्यांवर कपाटाचे खालचे खण पाण्यात गेले, आणि कॅसेटी बहुधा खालच्याच खणात असतात.

पुढचं सगळ्यांना आठवतं. आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवरचे कॅमेरे आले. चांगल्या दर्जात वीस-तीस मिनिटं, आणि ‘फायनलाइज’ केल्याशिवाय, म्हणजे रेकॉर्डिंग कायमचं बंद केल्याशिवाय, घरच्या प्लेअरवर डिस्क लागायची नाही. मग हार्ड डिस्कवाले, २००६ पासून एव्हीसीएचडी हा एचडी प्रकार, मेमरी कार्ड. टेप गेली तशी डीव्ही-इनची भांडणंही गेली. मग फोन आला आणि कॅमेरा कपाटात गेला तो गेलाच.

आता अडचण उलट्या बाजूने येते. लॅपटॉपवर फायरवायर नाही. जुन्या मॅकवर अॅडॉप्टरांची साखळी जोडून काम भागत होतं, तर २०२५ च्या नव्या मॅक प्रणालीतून फायरवायरचा आधारच काढला. त्यामुळे जुना डेस्कटॉप, त्यात फायरवायरचं कार्ड आणि टेप फिरवणारा एक धडका कॅमेरा, ही त्रयी सांभाळलेल्या माणसाकडे आज सगळी सोसायटी कॅसेटी घेऊन जाते. पैसे घेऊन हे काम करणारे बहुतेक जण एमपीफोर देतात. ती फोनवर लगेच लागते, पण तीत चित्र पुन्हा दाबलेलं असतं आणि इंटरलेसच्या, म्हणजे एकाआड एक ओळी टिपल्यामुळे दिसणाऱ्या, रेषा कशा काढल्या यावर दर्जा ठरतो. म्हणून कॅसेट देतानाच मूळ डीव्ही फाइलही मागून घ्यावी. तासाला १३ जीबी म्हटल्यावर २००२ मध्ये पोटात गोळा यायचा. आज एक कॅसेट १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावते, फक्त पेन ड्राइव्ह फॅट-३२ वर फॉरमॅट केलेला नसावा.