पायाच्या हाडातून घडणारा जबडा

लालबागच्या एखाद्या फ्रेमवाल्याच्या दुकानात पन्हाळीसारखा एक लाकडी साचा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तिरक्या खाचा पाडलेल्या असतात. लाकडाची पट्टी आत ठेवून खाचेतून करवत चालवली की काप बरोबर ४५ अंशांत येतो आणि चौकटीचा कोपरा बिनफटीचा जुळतो. एका सर्जनबाईंनी मध्यंतरी नायलॉनचा पांढरा, खाचा असलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला, तेव्हा मला तोच साचा आठवला. हा मात्र एकाच माणसाच्या एकाच हाडासाठी बनवलेला होता आणि एकदाच वापरला जाणार होता.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी परळला, १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या आसपास, तोंडाला फडकं बांधून बसलेली माणसं रोज दिसतात. तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी झालेली कर्करोगाची गाठ खालच्या जबड्यात शिरली की हाडाचा तेवढा भाग काढावा लागतो, भोवतालच्या निरोगी भागासकट. पुढचं हाड गेलं की हनुवटी आत जाते, जीभ मागे पडते, लाळ आवरत नाही, घास चावता येत नाही. घरच्यांसोबत ताटावर बसायलाही माणूस संकोचतो.

तिथे बसवायचं हाड पायातून येतं. नडगीच्या बाहेरच्या अंगाला फिब्युला नावाचं बारीक हाड असतं. शरीराचा बहुतेक भार नडगीच पेलते, त्यामुळे घोटा डळमळू नये म्हणून खालचा काही भाग आणि गुडघ्याजवळचं टोक जागेवर ठेवून मधलं सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंतचं हाड काढता येतं. त्यासोबत रक्तवाहिनीही घेतात आणि ती मानेतल्या रक्तवाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडतात, म्हणजे हाड नव्या जागी जिवंत राहतं. जबड्यासाठी फिब्युला वापरण्याची ही पद्धत १९८९ साली न्यूयॉर्कमधून जगापुढे आली.

अडचण आकाराची आहे. फिब्युला सरळसोट, जबडा घोड्याच्या नालासारखा. मग मधून पाचरी काढून हाडाचे दोनतीन तुकडे करायचे आणि ते वळवून जोडायचे. हे कोन सर्जन नजरेनं ठरवत आले आणि अनुभवी हातांनी त्यातूनही सुरेख जबडे घडवले. पण पायातून रक्तवाहिनी सुटली की रक्त पुन्हा सुरू होईपर्यंतची मिनिटं मोजकी असतात आणि कोन थोडा चुकला तरी वरचे-खालचे दात एकमेकांवर बसत नाहीत.

संगणकावरचं नियोजन हा हिशेब ऑपरेशनच्या आधी, निवांतपणे करू देतं. जबड्याचा आणि पायाचा सीटी स्कॅन साधारण एकेक मिलिमीटरच्या चकत्यांमध्ये घेतात. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेनुसार आकडा असतो: पाणी शून्य, हवा उणे १०००, हाड काही शेकड्यांपासून वर. त्यावरून सॉफ्टवेअर हाड वेगळं काढतं. दातांत धातूच्या कॅप असतील तर स्कॅनमध्ये पांढरे फराटे उमटतात आणि ते इंजिनिअरला एकेका चकतीवर हातानं पुसावे लागतात. या कामाला संध्याकाळच्या संध्याकाळ जाते आणि मला त्या चिकाटीचं फार अप्रूप वाटतं.

मग सर्जन पडद्यावर जबडा कापून बघतात. नेमलेली जागा पटली नाही तर पुन्हा जोडून दुसरीकडे कापतात. चांगला आराखडा दातांपासून सुरू होतो: वरचे दात जिथे खाली येतात, त्याखाली नवं हाड उभं राहिलं पाहिजे, तरच पुढे त्यात इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाताचा धातूचा खुंट, रोवून चावता येईल. तुकडे फार लहान करूनही चालत नाही. दोन सेंटिमीटरपेक्षा आखूड तुकड्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. करवतीच्या पात्याची जाडीसुद्धा हिशेबात धरतात. शेवटी ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात करवत चालावी म्हणून जबड्यासाठी आणि पायासाठी तसेच खाचांचे साचे थ्रीडी प्रिंटरवर छापून निर्जंतुक केले जातात.

जबड्यावरचा साचा हाडाच्या उंचवट्यांत पकड घेतो. फिब्युला मात्र गुळगुळीत, साचा त्यावर सरकू शकतो. म्हणून घोट्यापासूनचं अंतर मोजून तो स्क्रूनं पक्का करतात.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, ती म्हणजे गाठ थांबून राहत नाही. विदर्भातून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या रुग्णाचं ऑपरेशन आठवडे लांबलं, तर स्कॅनमधली गाठ आणि प्रत्यक्षातली गाठ एक राहत नाही. आराखडा जुना झाला की नवा स्कॅन घ्यायला हवा, खर्च वाढला तरी. त्या पांढऱ्या तुकड्यावर एकाशेजारी एक, समांतर दोन खाचा होत्या. दुसरी कशाला, असं मी विचारलं. "गाठ वाढलेली निघाली तर इथून कापायचं," बाई म्हणाल्या आणि पायाचा साचा पुढे केला. त्यावरही तेवढंच जास्तीचं हाड धरून दुसरी खाच पाडलेली होती.