विकासात्मक व आहारविषयक विकार असलेल्या बालकांची परिचर्या

ज्यांची हालचाल, बोलणे, समज किंवा वागणे वयाच्या मानाने मागे अथवा वेगळे आहे आणि ज्यांचे खाणेपिणेही आजारापोटी बिघडले आहे, अशा बालकांची परिचारिकेने करावयाची देखभाल. रुग्णालयातला वॉर्ड, विशेष शाळा आणि घर अशा तिन्ही ठिकाणी ती चालते. बालपरिचर्या, मानसोपचार परिचर्या आणि पुनर्वसन यांच्या सीमेवर हा विषय येतो, त्यामुळे पाठ्यपुस्तकांत तो तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला असतो.

दोन्ही विकारांची गाठ जुनी आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) जे वर्णन केले, त्यातच काही मुलांच्या तान्हेपणापासूनच्या खाण्याच्या तक्रारींची नोंद आहे. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे विकसित होत असलेल्या मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडतात त्या विकारात, ओठ, जीभ आणि घसा यांच्या स्नायूंचा एकमेकांशी मेळ बसत नाही. डाउन सिंड्रोम (एक जन्मजात गुणसूत्रदोष) असलेल्या बाळाचे स्नायू सैल असतात, त्यात अनेकदा हृदयाचा जन्मजात दोष. ते दूध ओढता ओढताच थकते. अतिचंचलतेवर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट भूक मारते, म्हणून ते न्याहारीनंतर देतात आणि वजन-उंचीवर लक्ष ठेवतात. उलट बाजूने पाहिले, तर ॲनोरेक्सियासाठी, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने अन्न टाळण्याच्या विकारासाठी, दाखल झालेल्या काही किशोरवयीन मुलींची स्वमग्नता त्या वॉर्डातच पहिल्यांदा कोणाच्या तरी ध्यानात येते. तोवर त्या ‘हट्टी’ किंवा ‘एकलकोंड्या’ म्हणूनच ओळखल्या गेलेल्या असतात.

नावे आणि वर्गीकरण

ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव विल्यम गल यांनी १८७० च्या दशकात दिले. बुलिमिया नर्व्होसाचे (अनावर खाऊन मग ते ओकून वगैरे टाकण्याच्या विकाराचे) वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. लहान मुलांच्या खाण्याच्या विकारांना मात्र बराच काळ धड नाव नव्हते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या जुन्या वर्गीकरणात विकाराची सुरुवात सहा वर्षांच्या आत झालेली असणे आवश्यक होते, त्यामुळे पुढे सुरू झालेला त्रास कोणत्याच कप्प्यात बसत नसे. २०१३ च्या डीएसएम-५ या आवृत्तीत ही अट गेली आणि एआरएफआयडी या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा विकार आला. यात मूल अन्न टाळते किंवा मोजकेच पदार्थ खाते, पण बारीक होण्याची इच्छा किंवा वजनाची भीती त्यामागे नसते. अखाद्य वस्तू खाण्याचा पायका आणि गिळलेले अन्न पुन्हा तोंडात आणण्याचा रुमिनेशन हे विकारही त्याच प्रकरणात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही हीच मांडणी आहे.

परत आलेले ताट

ताट जसेच्या तसे परत आले, एवढ्यावरून परिचारिकेला काहीच ठरवता येत नाही. एका मुलाचे पोट आठवडाभर साफ झालेले नसते. दुसऱ्याची दाढ दुखते, पण त्याला ते सांगता येत नाही. तिसऱ्याला गिळताच येत नाही आणि मागच्या वेळी जीव घुसमटल्याची आठवण ताजी आहे. चौथ्याला त्या पदार्थाचा वास किंवा तोंडातला लिबलिबीत स्पर्श असह्य होतो. पाचवी मुलगी भुकेली असूनही खात नाही, कारण प्रत्येक घास तिला वजनकाट्यावर दिसतो.

‘जेवत नाही’ एवढीच चार्टवरची नोंद या पाचही जणांवर अन्याय करते. शिवाय त्यांच्यावरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे आहेत. संवेदनांमुळे अन्न नाकारणाऱ्या मुलावरचा आग्रह काढून घ्यावा लागतो. दडपण जितके जास्त, तितका त्याचा स्वीकार कमी. ॲनोरेक्सियाच्या मुलीपुढे मात्र ठरलेले जेवण हे औषधासारखे ठेवायचे असते आणि त्यात घासाघीस चालत नाही. एकीची रीत दुसऱ्याला लावली, तर नुकसान ठरलेले. स्वमग्न असून ॲनोरेक्सियाही झालेली मुलगी समोर असेल तेव्हा दोन्ही रीती एकत्र चालवाव्या लागतात: किती खायचे हे ठाम, पण आवाज, उजेड, ताटली, बसण्याची जागा आणि पदार्थांचा पोत तिच्या सोयीचा.

म्हणून आधी शारीरिक कारण शोधायचे. न बोलणाऱ्या मुलाच्या वेदनेचा अंदाज घेण्यासाठी एफएलएसीसी ही मोजपट्टी वापरतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी बेरीज केली जाते. सुधारित पट्टीत त्या मुलाची स्वतःची लक्षणे आईवडिलांना विचारून भरण्याची सोय आहे, आणि माझ्या मते तिचा खरा उपयोग तिथेच आहे. कान ओढणे, अचानक हसू लागणे, हाताला चावणे यांचा अर्थ घरच्यांनाच ठाऊक असतो.

वाढ मोजणेही दिसते तितके सरळ नाही. पाठीचा कणा वाकलेल्या किंवा उभे राहता न येणाऱ्या मुलाची उंची गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या लांबीवरून काढतात. डाउन सिंड्रोम आणि सेरेब्रल पाल्सीसाठी वाढीचे वेगळे तक्ते आहेत. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यांच्या जोडीने पाहायचे असतात, त्यांच्या जागी नव्हे.

भरवणे

गिळण्याचा त्रास असलेल्या मुलाला भरवणे हे कौशल्याचे काम आहे, आणि घाईच्या ड्युटीत सगळ्यात आधी त्याचाच बळी जातो. मूल ताठ बसलेले हवे: कंबर आणि गुडघे काटकोनात, तळपायांना आधार, डोके मध्यावर आणि किंचित पुढे झुकलेले. भरवणाऱ्याने उभे राहू नये, कारण वर पाहण्यासाठी मूल मान मागे टाकते आणि श्वासनलिकेची वाट मोकळी होते. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. चमचा सपाट आणि निम्माच भरलेला असावा. तो जिभेच्या मध्यावर हलकेच दाबून ओठ मिटण्याची वाट पाहायची आणि सरळ बाहेर काढायचा. वरच्या दातांवर घास खरवडून ठेवायचा नाही. मग गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत थांबायचे. एका घासाला कधी दोनदा गिळावे लागते. घाटी हललीच नसेल, तर पुढचा चमचा आधीच्या घासावर जाऊन पडतो.

ठसका लागला नाही म्हणजे घास सुखरूप उतरला, असे नाही. अनेक मुलांत अन्न श्वासनलिकेत जाते तरी खोकला येत नाही. अशा वेळी डोळ्यांत पाणी येणे, आवाज ओलसर घरघरणे, ओठांचा रंग उतरणे, श्वास जलद होणे किंवा पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया एवढ्याच खुणा हाती असतात. जेवण नेहमीच अर्ध्या तासाहून अधिक लांबत असेल, तर तीही खूणच. जेवणानंतर निदान अर्धा तास मुलाला आडवे करत नाहीत.

द्रव किती घट्ट हवा, हे अंदाजावर सोडलेले नाही. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय पद्धतीत शून्य ते सात अशा आठ पायऱ्या आहेत. पातळ द्रवासाठी दहा मिलिलिटरची, ठरावीक लांबीची सिरिंज घेऊन दांडा काढायचा, तोंड बोटाने बंद करून दहापर्यंत भरायची, बोट काढायचे आणि दहा सेकंद मोजायचे. आत एक मिलिलिटरहून कमी उरले तर तो साध्या पाण्यासारखा, एक ते चार उरले तर पहिली पायरी, चार ते आठ उरले तर दुसरी. ही चाचणी एका मिनिटात होते, तरीही वॉर्डात ‘जरा दाट करा’ एवढ्यावरच काम भागवले जाताना दिसते.

तोंडाने पुरेसे जात नसेल तर नळी लागते. नाकातून घातलेली रायल्स ट्यूब जठरातच आहे ना, हे दर वेळी पाहायचे. नळीतून ओढलेल्या द्रवाचा सामू (पीएच) ५.५ किंवा त्याहून कमी असेल तर ती जठरात असल्याचे धरता येते. हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी रीत भरवशाची नाही. फुप्फुसात गेलेल्या नळीचाही आवाज येतो. आम्लता कमी करणारी औषधे चालू असतील तर सामू फसवतो, आणि शंका उरली तर क्ष-किरण चित्र घ्यायचे. दीर्घकाळासाठी पोटावरून थेट जठरात नळी बसवतात. पोट न उघडता दुर्बिणीच्या साह्याने ती बसवण्याची गॉडरर आणि पॉन्स्की यांची पद्धत १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. अशी नळी निसटली तर छिद्र काही तासांत आकसू लागते, म्हणून घरच्यांनी लगेच रुग्णालय गाठायचे. नळी अलीकडेच बसवलेली असेल, तर घरी स्वतःहून पुन्हा घालायची नाही. नळीवर असलेल्या मुलाचेही दात रोज घासायचे. शक्य असेल तर चवीपुरते काहीतरी तोंडाला लावायचे, नाहीतर तोंडाला अन्नाची ओळखच राहत नाही.

मोजकेच खाणारी मुले

स्वमग्न मूल कधी एकाच रंगाचे, एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे पदार्थ खाते. वेष्टन बदलले की तो पदार्थही यादीतून जातो. अशा मुलाचे वजन बहुधा ठीक असते, आणि फसगत होते ती तिथेच. क जीवनसत्त्वाच्या अभावाने पाय दुखून चालणे बंद झालेली, हिरड्यांतून रक्त येणारी मुले आधी सांध्यांच्या आजारासाठी तपासली जातात. अ जीवनसत्त्वाअभावी दृष्टी गेल्याच्याही नोंदी आहेत. काय खाल्ले हे तपशिलाने लिहिलेली तीन दिवसांची आहारवही पुष्कळदा रक्ततपासणीच्या आधी उत्तर देते.

नवा पदार्थ पायरीपायरीने आणतात: तो टेबलावर सहन करणे, मग ताटलीत, मग हात लावणे, हुंगणे, चाटणे, तोंडात घेऊन थुंकणे. थुंकणे ही इथे प्रगती असते. आवडत्या पदार्थात औषध लपवून देणे ही युक्ती बहुधा अंगाशी येते. पत्ता लागला की मूल तो पदार्थही सोडते, आणि त्याच्याजवळ चारच पदार्थ असतील तर एक गमावणे फार महाग पडते. चित्रकार्डांनी ‘आता जेवण, मग खेळ’ असा क्रम दाखवला की जेवणाची धास्ती कमी होते.

पायकात लोह कमी आहे का आणि रक्तात शिसे आहे का, हे पाहतात. परिचारिकेचे मुख्य काम मात्र परिसर निर्धोक ठेवण्याचे. बटणासारखी छोटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजते. तिथे वाट पाहण्याचा प्रश्नच नाही.

प्रॅडर-विली सिंड्रोममध्ये गोष्ट उलटी होते. १९५६ मध्ये वर्णिलेल्या या जनुकीय विकारात तान्हेपणी बाळाला दूध ओढता येत नाही, आणि काही वर्षांनी भूक शमेनाशी होते. स्वयंपाकघराला कुलूप लावणे हा तिथे उपचाराचाच भाग आहे. ही मुले सहसा ओकत नाहीत, त्यामुळे उलटी आणि पोटफुगी दिसली की जठर फाटण्याचा धोका गृहीत धरून तातडी करतात.

ॲनोरेक्सिया आणि पुनर्पोषण

दाखल करण्याचा निर्णय केवळ बारीकपणावर होत नाही. जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली किंवा झोपेत ४५ च्या खाली, वरचा रक्तदाब ९० पेक्षा कमी, तापमान ३५.६ अंश सेल्सिअसच्या खाली, ही नेहमीची गमके आहेत. सुरुवातीचे वजन जास्त असेल, तर वजन ‘ठीक’ दिसत असतानाच हृदय मंदावलेले असू शकते.

पहिल्या आठवड्यातला मोठा धोका अन्नाचाच असतो. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळाले की इन्सुलिन वाढते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते. हृदयाची लय बिघडू शकते, श्वासाचे स्नायू थकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी कैद्यांत हा प्रकार डॉक्टरांनी पाहिला होता. त्यासाठी रोज रक्त तपासतात, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात आणि पायांवरची सूज पाहतात. फार सावधपणे फारच कमी खायला देणे हीसुद्धा चूक आहे. त्यात वजन आणखी उतरते.

वजन सकाळी, लघवी झाल्यावर, वॉर्डच्या गाउनवर आणि एकाच काट्यावर घेतात. भरपूर पाणी पिऊन काटा फसवला जातो, म्हणून लघवीची घनताही पाहतात. जेवताना परिचारिका सोबत बसते, गप्पा अन्नाखेरीज कशाच्याही चालतात. जेवणानंतर तासभर सोबत सुटत नाही. ‘आता छान भरलीस’ हे कौतुक त्या मुलीच्या कानावर ‘जाड झालीस’ असेच पडते. जबरदस्तीने धरून नळी घालणे हा जीव वाचवण्यापुरता शेवटचा उपाय असतो. तो करावा लागलाच, तर नंतर त्या मुलीशी आणि धरणाऱ्या कर्मचाऱ्यांशीही बोलावे लागते.

घरचे लोक

मुलाच्या विकाराचा ठपका आईवर ठेवण्याचा इतिहास मोठा आहे; स्वमग्नतेचे कारण आईचा थंडपणा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावर गांभीर्याने मांडली जात होती. ती मागे पडली, पण ‘घरी लाड केले असतील’ हे वाक्य वॉर्डात अजून ऐकू येते. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारात आईवडिलांनाच जेवणाची सूत्रे दिली जातात, आणि किशोरवयीन ॲनोरेक्सियासाठी आज तोच पहिला पर्याय मानला जातो.

घरी सोडण्यापूर्वी आईवडिलांकडून सगळे करून घेतात: नळी तपासणे, पेय घट्ट करणे, घास अडकला तर काय करायचे. परिचारिका तेव्हा बाजूला उभी राहते आणि विचारल्याशिवाय हात लावत नाही. मूल काय खाते, कोणत्या चमच्याने, दुखले की काय करते, हे एका कागदावर लिहून त्यांच्याजवळ देतात, म्हणजे पुढच्या वेळी रात्री अपरात्री दाखल व्हावे लागले तर अनोळखी परिचारिकेला ते वाचता येते.