कुठे काही सापडले नाही, तेही लिहावे

ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर वणवा लागला आणि शंभराहून अधिक वर्षे गवताखाली दडलेली जमीन उघडी पडली. याच जागी २५ जून १८७६ रोजी अमेरिकी सैन्यातील जनरल कस्टर आणि त्याच्या घोडदळाची लकोटा, शायेन या मूळ अमेरिकी जमाती व त्यांच्या मित्र जमातींशी गाठ पडली होती. कस्टरच्या थेट हुकमाखालील तुकडीतला एकही सैनिक जिवंत राहिला नाही, आणि विजेत्या बाजूच्या योद्ध्यांनी सांगितलेल्या हकिकतींकडे गोऱ्या इतिहासकारांनी दीर्घकाळ संशयानेच पाहिले. त्यामुळे शेवटच्या तासात नेमके काय घडले याविषयी तर्कच अधिक होते.

वणव्यानंतर, १९८४ मध्ये, डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी तेथे पद्धतशीर पाहणी सुरू केली आणि तिच्यात मेटल डिटेक्टरचा, म्हणजे जमिनीतील धातू ओळखणाऱ्या यंत्राचा, छंद असलेल्या स्वयंसेवकांना सामील करून घेतले. हे लोक एकमेकांपासून सुमारे पाच मीटर अंतर राखून रांगेने चालत. यंत्राने आवाज दिला की तेथे एक छोटे निशाण रोवले जाई, आणि मागून येणारी तुकडी वस्तू उघडी करून तिची जागा, खोली आणि गोळी असल्यास तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे टिपल्यावरच ती उचले. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवर बंदुकीच्या पिनेचा जो ठसा उमटतो, तो प्रत्येक बंदुकीचा थोडा वेगळा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते ठसे जुळवले गेले आणि एकच बंदूक टेकडीच्या कोणत्या उतारावरून कोणत्या उतारावर गेली हे नकाशावर रेखता आले. या पुंगळ्या शंभर वर्षांत पर्यटकांनी खिशात घालून नेल्या असत्या, आणि काही नेल्याही असतील, तर त्यांना संग्राहकाच्या कपाटापलीकडे काही अर्थ उरला नसता. त्यांना बोलते केले ते जागेच्या नोंदीने.

हा छंद असणाऱ्या प्रत्येकाने वही का ठेवावी याचे उत्तर या पाहणीत आहे. एकट्याने शेतात फिरणाऱ्या माणसाकडे मोजणीची उपकरणे आणि मदतनीसांची तुकडी नसते. पण कुठे, किती खोल, कशाशेजारी आणि किती शोधल्यावर, हे चार प्रश्न त्यालाही चुकत नाहीत. यांतला चौथा प्रश्न बहुतेक वह्यांत गाळलेला असतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

तो का महत्त्वाचा, हे कळण्यासाठी यंत्राचे काम थोडे समजून घ्यावे लागते. छंदासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक यंत्रांच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, काही हजार ते काही दहा हजार हर्ट्झ वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते. वाटेत धातू आला की त्यात भोवरा प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र दुसऱ्या कॉइलपर्यंत परत पोहोचते. हे परतलेले क्षेत्र मूळ क्षेत्राच्या किती मागे पडले आहे यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते आणि पडद्यावर एक आकडा दाखवते. चांदीचे जाड नाणे, लोखंडी खिळा आणि पातळ अॅल्युमिनियम यांचे आकडे साधारणपणे निरनिराळे येतात. पण सोन्याची अंगठी आणि पेयाच्या डब्याची कडी यांचे आकडे पुष्कळदा एकमेकांत मिसळतात, म्हणून निव्वळ आकड्यावर विसंबून खणायचे की नाही हे ठरवणारा माणूस कधी ना कधी सोने मागे सोडून जातो.

या व्यवहारात अंतर फार महाग पडते. क्षेत्र जाताना क्षीण होते आणि परतताना पुन्हा क्षीण होते, त्यामुळे कॉइलच्या आकाराच्या मानाने बऱ्याच दूर असलेल्या लहान वस्तूचे अंतर दुप्पट झाले, तर मिळणारा संकेत चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. कॉइलच्या जवळ ही घट इतकी तीव्र नसते, तरी ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. सुमारे २८ सेंटिमीटर व्यासाच्या गोल कॉइलखाली १५ सेंटिमीटरवर असलेले नाणे २० सेंटिमीटरवर गेले, तर त्याचा संकेत हिशेबाने जवळजवळ तीनपट दुबळा होतो. कापणीनंतर गव्हाची धसकटे उभी असलेल्या शेतात कॉइल जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर वरच फिरवावी लागते, म्हणजे एवढे नुकसान पहिल्या पावलापासूनच सुरू होते. त्यात जमिनीतील लोहयुक्त खनिजे, मातीतील ओल, वरून जाणारी विजेची तार आणि यंत्राची संवेदनशीलता किती ठेवली आहे यांची भर पडते.

म्हणूनच ‘या शेतात काही नाही’ हे वाक्य एकटे असेल तर त्याला फारसा अर्थ नसतो. धसकटांवरून मोठी कॉइल फिरवून, संवेदनशीलता निम्म्यावर ठेवून, तासाभरात चार एकर ओलांडले आणि काही मिळाले नाही. किंवा नुकत्याच नांगरून कुळवलेल्या, पावसाने बसलेल्या जमिनीवर दोन मीटरच्या पट्ट्यांनी सहा तास फिरले आणि काही मिळाले नाही: या दोन ‘काही नाही’ंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या नोंदीवरून कोणताही निष्कर्ष निघत नाही. दुसऱ्या नोंदीवरून त्या भागात लहान धातूच्या वस्तू नांगरटीच्या थरात खरोखर विरळ आहेत, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. वहीत पिकाची अवस्था, मातीची ओल, कॉइल, यंत्राची मांडणी, चाललेले पट्टे आणि लागलेला वेळ लिहायचा तो याचसाठी. लोखंडाचे किती संकेत मुद्दाम सोडून दिले हेही लिहावे, कारण खिळ्यांची दाटी हीच कित्येकदा नाहीशा झालेल्या घराची किंवा लष्करी तळाची खूण असते.

इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातल्या टॉर्क्सीचे उदाहरण येथे बोलके आहे. वायकिंगांच्या मोठ्या सैन्याने ८७२-८७३ चा हिवाळा टॉर्क्सीला काढला, एवढे जुन्या बखरीत लिहिलेले होते. तळ नेमका कुठे आणि केवढा, हे ठाऊक नव्हते. छंदकऱ्यांनी वर्षानुवर्षे त्या शेतांतून शंभरावर अरबी दिरहम (चांदीची नाणी), तोडलेल्या चांदीचे तुकडे, वजने आणि शिशाच्या सोंगट्या गोळा केल्या. यॉर्क आणि शेफील्ड विद्यापीठांच्या अभ्यासकांनी या वस्तूंचा विस्तार तपासला, तेव्हा तो तळ सुमारे ५५ हेक्टरांचा असल्याचे स्पष्ट झाले. अशी सीमा आखताना जिथे वस्तू मिळाल्या ती शेते जितकी उपयोगी, तितकीच शोध घेऊनही रिकामी राहिलेली शेते उपयोगी. मात्र ती रिकामी होती की तेथे कोणी गेलेच नव्हते, हे फक्त वहीच सांगू शकते. एरवी सापडलेल्या वस्तूंचा नकाशा हा बऱ्याच अंशी शोधणाऱ्यांच्या सवयींचा, रस्त्यांचा आणि परवानगी देणाऱ्या शेतकऱ्यांचा नकाशा ठरतो.

जागा लिहिण्याबाबत थोडे व्यवहाराचे सांगणे आवश्यक आहे. अक्षांशात दशांशानंतरचा चौथा अंक सुमारे ११ मीटर आणि पाचवा अंक सुमारे एक मीटर दाखवतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलची अचूकता पाचएक मीटर असते, झाडाखाली ती आणखी ढासळते. त्यामुळे पडद्यावर आठ अंक दिसले तरी पुढचे अंक शोभेचेच असतात, आणि नोंदीशेजारी अचूकतेचा अंदाज लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते. खोली वस्तू काढल्यावर आठवून लिहू नये, खड्ड्याच्या काठापासून तिथेच मोजावी. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत ठेवून पिशवीवर आणि वहीत एकच क्रमांक घालावा. नाणे घासून स्वच्छ करण्याचा मोह आवरावा. फिरताना पेन्सिल बरी, कारण ओल्या कागदावर शाई टिकत नाही.

नांगराच्या फाळाखाली, म्हणजे साधारणपणे २० ते ३० सेंटिमीटरच्या पुढे, न हललेला थर लागला की हौशी माणसाचे खणणे तेथेच संपले पाहिजे. इंग्लंडमधील फ्रूमजवळ एप्रिल २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प यांना काही नाणी आणि पाठोपाठ मडक्याचे तोंड दिसले, तेव्हा त्यांनी हात आखडता घेऊन पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्या मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी निघाली. ती थराथराने उचलली गेल्यामुळे असे दिसले की सर्वांत उशिराच्या काळातील कॅरॉसियस या रोमन सत्ताधीशाची नाणी बहुतांशी मडक्याच्या अर्ध्याहून खाली होती. म्हणजे मडके वर्षानुवर्षे हळूहळू भरत गेलेले नव्हते. हाती लागतील तशी नाणी ओंजळीने काढली असती, तर हा पुरावा काही मिनिटांत नष्ट झाला असता.

कायद्याच्या दृष्टीनेही तारखेची नोंद कामी येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या कायद्यानुसार ‘ठेवा’ ठरू शकणारी वस्तू सापडल्यास १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावे लागते. २०१५ मध्ये लेम्स्टरजवळ दोघा छंदकऱ्यांनी वायकिंगकालीन ठेवा दडवून विकला. अंदाजे तीनशे नाण्यांपैकी फार थोडी परत मिळाली, २०१९ मध्ये दोघे दोषी ठरले, आणि तो ठेवा मुळात कसा होता याचा महत्त्वाचा पुरावा म्हणून मोबाइलमधून पुसून टाकलेली छायाचित्रे पोलिसांना पुन्हा मिळवावी लागली. नोंद करणारा माणूस जागा गुप्तही ठेवू शकतो. ब्रिटनच्या सार्वजनिक नोंदणीत संवेदनशील ठिकाणांची जागा मुद्दाम ढोबळ करून दाखवली जाते, जेणेकरून रात्री चोरून खणणाऱ्यांना वाट सापडू नये.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना हा छंद जमीनमालकाच्या परवानगीने करता येतो. सुट्टीत गावी आल्यावर किल्ल्याच्या पायथ्याशी तेच यंत्र काढावे, असे मात्र कोणी मनात आणू नये. संरक्षित स्मारकांच्या हद्दीत परवान्याविना उत्खनन करणे भारतात गुन्हा आहे, आणि जमिनीत दडलेल्या धनाला १८७८ चा कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे, असे तो कायदा सांगतो, आणि त्या कळवण्यात तीन बाबी मागतो: वस्तू काय व साधारण केवढ्या मोलाची, ती कुठे सापडली, आणि कोणत्या तारखेला.