पाच सूत समोर, सहा सूत मागे

नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एका शेडमध्ये भाच्याच्या कॉलेजातल्या पोट्ट्यांनी स्पर्धेसाठी बग्गी बांधली. मुरमाच्या मैदानावर पहिल्यांदा कचकन ब्रेक मारला, तर गाडी मागून गर्रकन फिरली आणि तोंड आली त्या दिशेला झालं. शेडमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी वाकून दोन्ही मास्टर सिलिंडरांवरचे (पॅडलचा जोर घेऊन ब्रेक ऑइल ढकलणारे, एक पुढच्या चाकांसाठी, एक मागच्या) आकडे वाचले. “मोठा समोर लावला न बे? मोठ्यानं जोर जास्त येते, असं वाटलं असन.”

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

एक सिलिंडर पाच सूत, म्हणजे १५.९ मिमी व्यासाचा. दुसरा सहा सूत, १९ मिमीचा. पिस्टनची क्षेत्रफळं साधारण १९८ आणि २८५ चौरस मिमी. पायाचा जोर ३० किलो धरा. पॅडलच्या तरफेनं तो पाचपट, म्हणजे १५० किलो होतो, आणि बॅलन्स बार, म्हणजे तो जोर दोन सिलिंडरांत वाटणारा दांडा, मधोमध असेल तर दोघांना ७५-७५ मिळतो. जोर तोच, पण तो लहान पिस्टनवर पडला की ब्रेक ऑइलचा दाब सुमारे ३७ बार चढतो, मोठ्यावर जेमतेम २६. कॅलिपर (डिस्क आवळणारे चिमटे) आणि डिस्क चारही चाकांना सारख्याच होत्या, त्यामुळे मागची चाकं पुढच्यांच्या १.४४ पट आवळली गेली. मागचं चाक आधी जाम झालं की ते आडवं घसरायला मोकळं, मग गाडी फिरणारच.

लहान सिलिंडरची किंमत पायाला मोजावी लागते. कॅलिपरला २ मिली ऑइल ढकलायचं तर पाच सुताचा दांडा १० मिमी सरकतो, सहा सुताचा ७. पॅडलवर हे अंतर पाचपट, त्यात लाइनमध्ये हवा राहिली असेल तर पॅडल थेट फरशीला.

सिलिंडर अदलाबदल केले आणि गाडी मुरमावर सरळ थांबली. मग डांबरावर नेली, तर मागचं चाक पुन्हा जाम होऊन किंचाळलं!

चालकासकट ३०० किलोची ही गाडी उभी असताना पुढे १३५, मागे १६५ किलो वजन असतं. गुरुत्वकेंद्र अर्धा मीटर उंच, चाकांतलं अंतर दीड मीटर. मुरमावर पकड (घर्षणाचा गुणांक) ०.४ धरली, तर ब्रेक मारताना ४० किलो भार पुढे झुकतो: १७५ विरुद्ध १२५, म्हणजे १.४ पट. ब्रेकचा जोरही याच प्रमाणात वाटला जायला हवा, आणि सिलिंडरांचं १.४४ तिथे चपखल बसतं. कोरड्या डांबरावर पकड ०.७ धरा, ७० किलो पुढे जातात आणि गुणोत्तर होतं २०५ विरुद्ध ९५, म्हणजे २.१६. (आपल्या घरच्या कारमध्ये दोन्ही सर्किटना बहुधा एकाच व्यासाचा जोडसिलिंडर असतो, तिथे हा हिशेब कॅलिपर आणि इलेक्ट्रॉनिक्स सांभाळतात.)

उरलेलं दीडपट बॅलन्स बारमधून काढायचं होतं: पुढे ६० टक्के, मागे ४०. मिस्त्रींनी पान्यानं बार थोडा थोडा सरकवत तीनदा गाडी पळवायला लावली. चौथ्यांदा मागचं चाक गप्प राहिलं. मग त्यांनी आट्यांवर पांढऱ्या रंगाच्या दोन खुणा केल्या, एक मुरमाची, एक डांबराची.