झोपेतला अभ्यास

दुसरी-तिसरीतलं मूल दिवसभरात जे शिकतं, म्हणजे नवा पाढा, जोडाक्षरं, कवितेच्या ओळी, ते आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या छोट्या भागाच्या आधाराने लक्षात राहतं. ही सोय तात्पुरती असते. रात्री गाढ झोपेत मेंदूतल्या लहरी संथ होतात, दिवसा वापरलेल्या जोडण्या पुन्हा चेतवल्या जातात आणि शिकलेलं हळूहळू मेंदूच्या बाह्यावरणात पक्कं होतं. या वयात अशी गाढ झोप मोठ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त असते.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात ८ ते ११ वर्षांच्या मुलांना आणि मोठ्यांना एका ठरलेल्या क्रमाने बटणं दाबायला दिली. असा क्रम आहे, हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. रात्रभर झोप झाल्यावर विचारलं, तेव्हा मुलांनी तो क्रम मोठ्यांपेक्षा खूपच चांगला सांगितला. नुसत्या सरावातून हाताला झालेली सवय झोपेत उमज बनली होती. मला हे विलक्षण वाटतं.

६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. आता हिशेब करा. सातची शाळा, सव्वासहाला रिक्षा, म्हणजे साडेपाचला उठणं. नऊ तास भरायचे तर मूल साडेआठला झोपलेलं हवं, आणि आपल्याकडे कित्येक घरांत तेव्हा कुकरही लागलेला नसतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला, तो याच कारणाने. निर्णय योग्यच आहे. पण सकाळी मिळालेला वेळ रात्री टीव्हीसमोर गेला, तर मुलाच्या पदरात काहीच पडत नाही.

झोप अपुरी राहिलेलं मूल वर्गात पेंगतंच असं नाही. उलट ते चुळबुळतं, चिडतं, लक्ष देत नाही आणि मग ‘दंगेखोर’ ठरतं. शिक्षा करण्याआधी ते रात्री किती वाजता झोपलं, हे शिक्षकांनी जरूर विचारावं.

संध्याकाळच्या प्रखर उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं, आणि मुलांमध्ये हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त दिसतो. म्हणून जेवण लवकर उरकावं, मोबाइल बाजूला ठेवावा, दिवे मंद करावेत. पाढे म्हणायचेच असतील तर अंथरुणावर पडल्यावर, एकदाच.